एका उड्डाणापुरता न्याय!

इचलकरंजीचा कापडव्यापारी दिल्ली, अहमदाबाद, कोईमतूर अशी तीन शहरे चार दिवसांत गाठावयास निघतो, तेव्हा त्याने केवळ तिकिटे काढलेली नसतात. हॉटेलांतल्या खोल्या आणि गिऱ्हाइकांच्या ठरलेल्या वेळा एकाच साखळीत गुंफलेल्या असतात. 2025 च्या डिसेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीविषयक नव्या नियमांची पूर्वतयारी न केल्याने एका बड्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि अशा असंख्य साखळ्या तुटल्या.

विलंब झाल्यास कंपनीने प्रवाशास खावयास द्यावे, रात्रीचे उड्डाण 6 तासांहून अधिक लांबल्यास हॉटेलात सोय करावी, असे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे नियम सांगतात. नियम चांगले, पण त्यांची दृष्टी एका उड्डाणापुरती! पुढच्या शहरात रिकामी राहिलेली खोली, दुसऱ्या कंपनीचे वाया गेलेले तिकीट आणि हुकलेला सौदा यांचा भार प्रवाशाच्याच शिरी. लक्षाधीशास हे खरचटणे वाटेल. लहान व्यापाऱ्याचा मात्र महिन्याचा नफा त्यात बुडतो.

कंपनीच्या गलथानपणामुळे विमान रद्द झाले, तर पुढील तिकिटाची व खोलीची पावती दाखविताच भरपाई मिळाली पाहिजे. आकाश सामान्यांना खुले केल्याचा अभिमान सरकार मिरविते. मग वाटेत टाकून दिलेल्या सामान्य प्रवाशाचा वालीही सरकारनेच व्हावयास हवे!