जुना ऍम्प्लिफायर घ्या, पण त्याचं रसायनशास्त्र तपासून

गाणं नीट ऐकायची आवड असेल, तर नवा वायरलेस स्पीकर मागवण्याआधी एकदा जवळच्या क्रिंगलोपविंकेलमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, चक्कर मारा. नाहीतर मार्क्टप्लाट्सवर शोधा. तुम्ही राहता तो देश या बाबतीत साधासुधा नाही. आइंडहोवनच्या फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट जगापुढे आणली. ती घडवणाऱ्या चमूचे प्रमुख होते लू ओटेन्स हे डच अभियंते. पुढे १९८२ मध्ये सोनीच्या साथीने सीडी बाजारात आली. इथल्या माळ्यांवर आणि तळघरांत चांगली यंत्रं पडून असतात, यात नवल नाही.

'जुनं ते सोनं' असं मला मुळीच म्हणायचं नाही. मुद्दा वेगळा आहे. ऍम्प्लिफायरचं काम एकच: आलेला संकेत, त्याचा आकार न बिघडवता, मोठा करणं. चांगल्या ऍम्प्लिफायरमधली विकृती १९८०च्या दशकातच ०.१ टक्क्याच्या खाली आली होती. स्पीकर आणि खोलीच्या भिंती आवाजात जो फेरफार करतात, त्यापुढे हा आकडा किरकोळ आहे. म्हणून पैसे घालायचे तर स्पीकरवर घाला, सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरींवर नको.

मग जुन्या यंत्रात बिघडतं काय? ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर नीट वापरले तर दशकानुदशकं टिकतात. म्हातारं होतं ते रसायन.

पहिला संशयित म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यातला कागद द्रवात भिजवलेला असतो आणि तो द्रव हळूहळू उडून जातो. तापमान १० अंशांनी कमी असेल तर आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणून ऍम्प्लिफायरच्या डोक्यावर पुस्तकं रचू नका, त्याला हवा लागू द्या. दुकानात यंत्र चालू करून, गाणं न लावता, स्पीकरजवळ कान न्या. वीजपुरवठ्यातले कपॅसिटर थकले असतील तर बारीक घरघर ऐकू येते.

दुसरा संशयित स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड. हा पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने तुटतो आणि पंधरा-वीस वर्षांत बिस्किटासारखा चुरा होतो. जाळी काढून बोट हळूच लावून बघा. रबरी कड जास्त टिकते. फोमची नवी कड विकत मिळते आणि धीर धरून चिकटवता येते. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर घाबरू नका; बहुतेकदा संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने ती जाते. ती भावात घासाघीस करायला मात्र उपयोगी पडते.

तिसरा संशयित रबरी बेल्ट. इथे प्रश्न फक्त छंदाचा राहत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कॅसेटचा एखादा डबा असतो. बाजारात मिळणारी गाणी आज इंटरनेटवर सापडतील. पण आजीने म्हटलेली भूपाळी, घरच्या बैठकीचं ध्वनिमुद्रण, वडिलांचा तरुणपणचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकायला हवी. सैल बेल्टमुळे वेग सहा टक्क्यांनी घटला, तर काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी एकमध्ये गाऊ लागतो. तोच सूर संगणकावर उतरवला, तर पुढच्या पिढीला तो खरा वाटेल. म्हणून आधी बेल्ट बदला, हेड अल्कोहोलने पुसा, वेग तपासा आणि मगच फीत लावा.

दोन धोक्याच्या सूचना. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो. अनुभव नसेल तर आत हात घालू नका. आणि अमेरिकेतून कुणी टर्नटेबल आणत असेल तर मोटर विचारा. तिथली वीज ६० हर्ट्झ, इथली आणि भारतातली ५०. सिंक्रोनस मोटर असेल तर नुसता व्होल्टेज बदलून भागणार नाही. तबकडी सुमारे १७ टक्के हळू फिरेल.

जुन्या यंत्राला वेळ द्यावा लागतो, जागा लागते, आणि ते नुसतं चालू ठेवलं तरी वीज खातं, हे खरं. पण ते स्क्रू काढून उघडता येतं. अनेक नवे स्पीकर डिंकाने बंद केलेले असतात आणि कंपनीच्या ऍपवर अवलंबून असतात. ऍपचा आधार सुटला की धडधाकट स्पीकरही निकामी होऊ शकतो. वस्तू उघडता येणं हा गुण आपण खरेदी करताना मोजत नाही. तो मोजायला हवा.

सोल्डरिंग येत नसेल तर शिकवणारेही इथे आहेत. मार्टिना पोस्तमा यांनी २००९ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये पहिलं रिपेअर कॅफे भरवलं. आज ते अनेक गावांत भरतं. तिथे स्वयंसेवक तुमच्या शेजारी बसून दुरुस्ती दाखवतात. डेक घेऊन जा, मुलांनाही न्या. आणि कॅसेटचा डबा भारतात असेल, तर पुढच्या फेरीत तो हातातल्या सामानात घालून आणा.