फटीत काय भरावे?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. इंदुरातील आमच्या जुन्या घराच्या माडीवर न्हाणीघर आहे आणि त्याच्या बरोबर खाली आत्याबाईंची खोली. त्यांच्या पलंगालगतच्या भिंतीवर ओलीचा डाग हातभर पसरला होता. ओल वाढली की त्यांचा दमा उसळतो, म्हणून घाईघाईने मिस्त्रींना बोलावले. त्यांनी एका दुपारी फरशीच्या साऱ्या फटींत पांढरे सिमेंट कालवून भरले आणि "आता दहा वर्षे चिंता नको," असा भरवसा देऊन ते गेले. दिवाळीपर्यंत जमीन व भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात केसासारखी चीर पडली आणि खालचा डाग पूर्वीच्याच जागी पुन्हा दिसू लागला.

मिस्त्रींना बोल लावणे सोपे होते. परंतु "फटी भरा" एवढेच तर आपण त्यांना सांगितले होते! कोणत्या फटीत काय भरावे, हा प्रश्न आपल्या मनात आलाच नव्हता.

पांढरे सिमेंट स्वस्त खरे, पण ते वाळताना आकसते, त्याला बारीक चिरा जातात आणि ते पाणी व डाग दोन्ही शोषून घेते. त्यापेक्षा पॉलिमर मिसळलेले तयार सिमेंटचे ग्राउट अधिक चिकटून राहते. फट साधारण 3 मिलिमीटरपर्यंत असेल तर बारीक पुडीचे घ्यावे. त्याहून रुंद असेल तर वाळूमिश्रित. बैठकीच्या व निजण्याच्या खोल्यांना एवढे पुरते.

स्वयंपाकाच्या ओट्याची गोष्ट निराळी. हळद, तेल, चिंच आणि लिंबू यांच्यापुढे सिमेंटचा टिकाव लागत नाही. तेथे इपॉक्सी ग्राउट योग्य. राळ आणि तिला घट्ट करणारे द्रव्य ऐन वेळी एकत्र करून ते भरतात. ते पाणी जवळजवळ शोषत नाही व सहसा डागाळत नाही. मात्र ते बरेच महाग असते आणि फरशीवर राहिलेला त्याचा थर वाळण्यापूर्वीच पुसावा लागतो, म्हणून हात बसलेलाच कारागीर हवा. उघड्या गच्चीवर पुष्कळदा ते उन्हाने पिवळे पडते. तेथे लवचीक सिमेंटचे ग्राउट बरे.

आता आमच्या कोपऱ्याविषयी. भिंत आणि जमीन उष्णतेने व भाराने वेगवेगळ्या हलतात. त्यांच्यामधल्या सांध्यात कोणतेही कडक द्रव्य भरले तरी ते आज ना उद्या तडकणारच. तेथे रबरासारखे ताणले जाणारे सिलिकॉन भरावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फटीतले द्रव्य हा पाण्याला घातलेला बांध नव्हे. पाणी अडवणारा थर फरशीच्या खाली असतो. तो फाटला असेल तर वरून किती वेळा फटी भरल्या तरी व्यर्थ.

जुन्या घरांतील चुन्यात बसवलेल्या दगडी फरशीत कडक सिमेंट कोंबू नये. सांधा दगडापेक्षा मऊ असावा. म्हणजे झीज सांध्याची होते, दगडाची कड शाबूत राहते. तेथे चुन्याचाच गिलावा भरावा. तसेच न्हाणीघर उजळवण्यासाठी आपण सर्रास अ‍ॅसिड ओततो, ते सिमेंटचे सांधे खाऊन टाकते. साबणाचे पाणी आणि ब्रश पुरेसे आहेत.

अखेर आम्ही न्हाणीघराची फरशी उखडली. खालचा थर नळाच्या भोवती फाटलेला निघाला. तो नव्याने घातला, चोवीस तासांहून अधिक काळ पाणी साठवून पाहिले, मगच फरशी बसवली. सांध्यांत इपॉक्सी, कोपऱ्यांत सिलिकॉन. आधीच विचारले असते तर एक खर्च आणि आत्याबाईंचा एक हिवाळा वाचला असता.

भिंत हळूहळू वाळते आहे. पलंग अजून खोलीच्या मध्यावरच आहे. "आणखी एक पावसाळा जाऊ दे," आत्याबाई म्हणतात, "मग सरकवा."