अबू धाबीचा पैसा, मुंबईचा बचावपटू

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव घरोघरी पोचते, अडवणाऱ्याचे क्वचितच. मुंबईचा राहुल भेके याला अपवाद. बचावपटू असूनही त्याचे गोल लक्षात राहतात. भारताच्या संघात त्याला जागा मिळाली ती २०१९ साली, वयाच्या २८व्या वर्षी, तशी उशिराच.

त्याच वर्षी सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी क्लबाचा ६५ टक्के हिस्सा घेतला. या ग्रुपमागे मुख्यतः अबू धाबीचा पैसा. २०२१ मध्ये भेके तिथे आला. एप्रिल २०२२ मध्ये रियाध येथे आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबईने इराकच्या हवाई दल क्लबाला २-१ असे हरवले. या स्पर्धेत भारतीय क्लबाचा हा पहिलाच विजय, आणि निर्णायक गोल भेकेच्या डोक्याचा! पुढे अबू धाबीच्याच अल जझीरालाही मुंबईने एकदा ०-० असे रोखले. २०१७ मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध आघाडी घेणारा हाच तो क्लब.

मे २०२४ मध्ये मुंबईने लीगचा चषक जिंकला, तेव्हा कर्णधार भेकेच होता. पण डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय लीगचा व्यापारी करार संपला, हंगाम अडला, आणि सिटी ग्रुपने मुंबईतून अंग काढून घेतले. त्यांना आम्ही दोष देत नाही. परका धनी नफातोटा पाहणारच. अमिरातींनी मात्र आपली व्यावसायिक लीग २००८ पासून घरीच उभी केली.

१९९९च्या दंगलीनंतर आपल्या बेटावरचा फुटबॉल कसा थांबला होता, ते पुष्कळांना आठवत असेल. आजही वर्गात मुले विचारतात, "गुरुजी, फुटबॉलवर पोट भरते का?" भेकेचे भरले. त्याच्यामागून येणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला त्या डिसेंबरात काय सांगावे, हे मात्र आम्हांला सुचले नाही.