डिस्चार्ज बुकातला शेरा

२०११ साली लोकपाल आंदोलन ऐन भरात असताना राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंवर एक आरोप झाला. हा माणूस सैन्यातून पळून आलेला आहे, असं बोललं गेलं. विरोधकांनी भ्रष्टाचाराचा मुद्दा बाजूला ठेवून नेमकी हीच जागा का निवडली, हे पारनेर तालुक्यात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. ज्या भागात घरटी एक माणूस फौजेत जातो, तिथे ‘पळपुटा’ ही शिवी चोरापेक्षा खालची आहे. पुढे माहितीच्या अधिकारात लष्कराचं उत्तर आलं, की हजारे १९७५ मध्ये सन्मानाने सेवामुक्त झाले होते. विषय तिथेच मिटला.

अण्णांच्या राजकारणाबद्दल माझी मतं वेगळी आहेत, ती आज नकोत. मला त्या उत्तरातल्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे. ज्याच्या कागदावर ती ओळ आहे, त्याची बाजू सरकारच मांडतं. ज्याच्या कागदावर ती नाही, त्याच्यासाठी कोणी उभं राहत नाही. ना सरकार, ना गाव, ना आपण.

आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तोंडी अजून नगरच आहे. हे नगर लष्कराचं गाव आहे. भिंगारची छावणी, आर्मर्ड कोअरचं केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र, के. के. रेंजवरचे तोफांचे आवाज, हे सगळं आपण लहानपणापासून पाहत-ऐकत आलो. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे या दोन्ही दलांची रेकॉर्ड ऑफिसंही इथेच आहेत. हरियाणातल्या एखाद्या रणगाडा चालकाला दहा वर्षांपूर्वी काढून टाकलं असेल, तर त्याच्या आयुष्याचा कागद नगरमध्ये असतो. जुनी नोंद तपासून द्या, प्रत द्या, अशी पत्रं या शहराकडेच येतात. म्हणून हा विषय नगरकरांनी काढावा असं मला वाटतं.

बोलताना आपण सरसकट ‘त्याला काढलं’ म्हणतो. कायद्यात मात्र काढण्याचे प्रकार आहेत आणि त्यांच्यातलं अंतर फार मोठं आहे. १९५० च्या सेना कायद्याखाली कोर्ट मार्शलच्या शिक्षेने किंवा प्रशासकीय आदेशाने बडतर्फी होते. सेना नियमावलीच्या नियम १३ खाली डिस्चार्ज होतो. त्यात मुदत संपल्यावर मिळणारा सन्मानाचा डिस्चार्ज आहे, तसाच ‘सेवेची आवश्यकता नाही’ असं लिहून दिलेलाही आहे. बडतर्फ जवानाची आधीची सगळी सेवा पेन्शनपुरती बुडते. अपवाद म्हणून राष्ट्रपतींच्या अधिकारात काही मिळालं तरच. डिस्चार्ज मिळालेल्याचा पेन्शनचा हक्क मात्र शाबूत राहतो, पण त्यासाठी पंधरा वर्षांची सेवा भरलेली हवी. तेराव्या-चौदाव्या वर्षी शेरा मारून घरी पाठवलेल्या जवानाला त्यामुळे महिन्याच्या पेन्शनमधला एक रुपयाही मिळत नाही.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ‘माजी सैनिक’ कोणाला म्हणायचं याची केंद्र सरकारची व्याख्या आहे. पेन्शन न मिळवता गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेच्या कारणाने बाहेर पडलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे नोकरीतली राखीव जागा नाही, ईसीएचएसचा दवाखाना नाही, कँटीनचं कार्ड नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजना नाहीत. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी मागायला गेला, तरी पहिला प्रश्न डिस्चार्ज बुकाचाच. दहा वर्षं सियाचीन आणि राजस्थान पाहिलेला माणूस कागदोपत्री कोणीच उरत नाही. त्याच्या बायकोला तर हे सगळं गावाला समजावूनही सांगता येत नाही.

या शेऱ्यांमागे बऱ्याचदा ‘रेड इंक एंट्री’ असते. कमांडिंग ऑफिसरने दिलेली विशिष्ट शिक्षा सेवापुस्तकात लाल शाईने नोंदली जाते. रजा संपून उशिरा पोचला, दारू प्यायला, वरिष्ठाला उलट बोलला, अशी कारणं असतात. अशा चार नोंदी झाल्या की जवानाला घरी पाठवण्याची पद्धतच पडली होती. २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला अटकाव केला. चार नोंदी झाल्या म्हणून डिस्चार्ज आपोआप होत नाही, आधी चौकशी झाली पाहिजे, किती वर्षं सेवा केली आणि किती खडतर ठिकाणी केली हे पाहिलं पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. दुबे यांना मागचा पगार मिळाला नाही. पण पेन्शनपुरती सेवा पूर्ण होईपर्यंत ते नोकरीत होते असं धरायचा आदेश झाला. आपल्याकडे शेरा ‘सुधारून’ मिळणं म्हणजे व्यवहारात हेच. फक्त त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकावं लागतं.

अमेरिकेत या कामासाठी वेगळं मंडळ आहे. तिथे डिस्चार्जच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सन्मानाचा, साधा, त्याखालचा, असं करत थेट बेअब्रूचा. सेवा सोडल्यापासून पंधरा वर्षांत माजी सैनिक फॉर्म भरून पुनर्विचार मागू शकतो. लढाईचा मनावर परिणाम होऊन कोणी चुकीचा वागला असेल, तर अशा अर्जाकडे उदारपणे पाहा, अशी सूचना तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी २०१४ मध्ये दिली. अमेरिकेचं कौतुक करावं असं त्यात फार नाही. १९०६ मध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात गोळीबार झाला आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ काळ्या सैनिकांना खटला न चालवता सन्मानाविना काढून टाकलं. शेरा बदलला १९७२ साली. तोवर त्यांच्यापैकी बहुतेक जण हयात नव्हते. हयात असलेल्यांत डॉर्सी विलिस होते. त्यांनी आयुष्य बूट पॉलिश करून काढलं होतं. पुढे त्यांना २५ हजार डॉलर दिले गेले. उशिरा का होईना, ‘आमचं चुकलं’ असं त्याच सैन्याने त्याच कागदावर लिहून दिलं, एवढं मात्र मान्य करावं लागतं.

आपल्या सरकारने तसं लिहून दिल्याचं मला आठवत नाही. या बाबतीत नगरच्या किल्ल्याची आठवण काढायलाच हवी. १९४२ च्या ऑगस्टपासून तिथे नेहरू, मौलाना आझाद, असफ अली ही मंडळी कैदेत होती. सुटून बाहेर आल्यावर १९४५ च्या हिवाळ्यात असफ अली आझाद हिंद सेनेच्या बचाव समितीचं काम पाहत होते आणि लाल किल्ल्यातल्या खटल्यासाठी नेहरूंनी अनेक वर्षांनी बॅरिस्टरचा झगा चढवला. शाहनवाज खान, सहगल, धिल्लन या तिघांची जन्मठेप जानेवारी १९४६ मध्ये माफ झाली. पण लष्करातून झालेली हकालपट्टी आणि बुडालेला पगार कायम राहिला. दीड वर्षाने देश स्वतंत्र झाला, तरी आझाद हिंदचे सैनिक सैन्यात परत घेतले गेले नाहीत. शाहनवाज खान निवडून आले, केंद्रात मंत्री झाले. देशाचा कारभार त्यांच्या हाती देता येत होता, सैन्यातली जागा देता येत नव्हती!

मुंबईच्या नौसैनिकांचंही तेच झालं. १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’वर संप सुरू झाला. संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. सूड घेतला जाणार नाही असा भरवसा पुढाऱ्यांनी दिला, म्हणून त्यांनी शरणागती पत्करली. मग शेकडो जणांना नोकरीवरून काढण्यात आलं. स्वतंत्र भारताने त्यांनाही परत बोलावलं नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजनेत पुढे आझाद हिंद सेना आणि नौसैनिकांचा उठाव या दोन्हींना जागा मिळाली. ती दिली गृहखात्याने. संरक्षण खात्याच्या दप्तरातला शेरा होता तिथेच राहिला. आपली पद्धत तेव्हापासून अशीच आहे. डाग पुसायचा नाही, त्यावर हार घालायचा.

अलीकडचं उदाहरण घेऊ. धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण २९ सप्टेंबर २०१६ ला नियंत्रण रेषेपलीकडे गेले आणि २१ जानेवारी २०१७ ला पाकिस्तानच्या कैदेतून परतले. परतल्यावर मिरवणुका निघाल्या, नंतर कोर्ट मार्शल झालं आणि सुमारे तीन महिन्यांची शिक्षा लागली. पुढे त्यांची नेमणूक नगरला झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी छळाचा आरोप करत इथल्या युनिटच्या कमांडरकडे राजीनामा पाठवला. लष्कराने आरोप नाकारले, त्यांच्यावर शिस्तभंगाची प्रकरणं असल्याचं आणि ते परवानगीविना गैरहजर असल्याचं सांगितलं. बातम्यांमध्ये ‘राजीनामा’ हा शब्द फिरत राहिला. जवानाला कारकुनासारखा राजीनामा टाकून घरी जाता येत नाही, हे कोणी लिहिलं नाही. त्याला स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज मागावा लागतो, तो मंजूर व्हावा लागतो. मंजुरीआधी घर गाठलं की तो गुन्हा. तीस दिवस उलटले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. रागाच्या भरात पकडलेली एक एसटी पुढच्या चाळीस वर्षांची पेन्शन घेऊन जाते, हे आपल्या पोरांना भरतीपूर्व अकादमीत कोणी शिकवत नाही. तिथे फक्त सोळाशे मीटर पळायला शिकवतात.

आपल्या समाजात या विषयाची चर्चा झाली ती दाढीवरून. हवाई दलातल्या एका मुस्लीम जवानाला दाढी ठेवल्याबद्दल २००८ मध्ये सेवेतून मुक्त केलं गेलं आणि १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलाची बाजू उचलून धरली. मग धर्मस्वातंत्र्य, गणवेश, शीख बांधवांना असलेली सूट यांवर पानंच्या पानं लिहिली गेली. त्या जवानाच्या हातात नेमका कोणता कागद पडला, सेवा किती भरली होती, पेन्शनचं काय झालं, हे प्रश्न आमच्या उर्दू सभांतही निघाले नाहीत आणि मराठी लेखांतही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चिलखती दलातल्या एका ख्रिस्ती लेफ्टनंटची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयात कायम झाली, तेव्हाही वाद झाला तो रेजिमेंटच्या मंदिराच्या गाभाऱ्याचा. सैन्यात शिस्त सर्वांना सारखी हवी, हे मला मान्य आहे. न्यायालयांचा कल का तसा असतो, तेही समजतं. पण शिस्तीसाठी माणसाला सेवेतून बाहेर काढणं एक आणि त्याने दिलेली वर्षं कायमची खोडून टाकणं दुसरं. या दुसऱ्या गोष्टीवर पुन्हा विचार व्हावा, अशी मागणी केल्याने कुठल्याही रेजिमेंटची शिस्त ढळत नाही.

सरकारी नोकराला राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचं संरक्षण असतं, सैनिकाला ते नाही. त्याला आहे ते सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचा कायदा २००७ चा, काम २००९ पासून सुरू, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. आधी लष्कराकडेच लेखी तक्रार किंवा याचिका करायची, तिचा निकाल लागला की सहा महिन्यांत न्यायाधिकरणात जायचं. सहा महिने! ज्याच्या हातात इंग्रजीत टाइप केलेला दोन पानी आदेश आहे, जो गावात तोंड लपवून फिरतो, त्याला वकील म्हणजे काय हे कळेपर्यंत वर्ष जातं. पेन्शनबाबत दाद देताना उशीर माफ होऊ शकतो. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालाने थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. जितका उशीर, तितकी वर्षं गेली.

माझं म्हणणं असं, की न्यायाधिकरणाच्या आधी एक साधी पायरी हवी. वकिलाविना, आपल्या भाषेत केलेल्या अर्जावर पुनर्विचार करणारं मंडळ. त्यात मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे. कारण दारू आणि गैरहजेरीच्या कित्येक लाल नोंदींमागे दुखणं असू शकतं, आणि दुखण्याने बाहेर पडलेल्याला शिक्षेऐवजी अपंगत्वाची पेन्शन देण्याची सोय नियमांत आहे. कायदा बदलायला दिल्लीला जावं लागेल, ते होईल तेव्हा होईल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने अशा माणसांना योजना दिल्या नाहीत तरी निदान सल्ला द्यावा, एवढं मात्र इथल्या इथे मागता येतं.

आणि आपल्या संघटना? तलाक, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड यांसाठी आपली मदतकेंद्रं चालतात. तिथे असा एखादा जवान आला, मग तो शेख असो की शिंदे, तर त्याला परत पाठवू नका. त्याने काय केलं होतं, हे पहिल्या भेटीत विचारायची गरज नाही. आधी डिस्चार्ज बुक पाहा. बडतर्फी आहे की डिस्चार्ज, कोणत्या नियमाखाली, सेवा किती वर्षं आणि किती दिवस. नसलेल्या कागदांसाठी त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज करा. कारणे दाखवा नोटीस, चौकशीचे कागद, वैद्यकीय बोर्डाचे कागद मागा. त्याला काश्मिरातून काढलं असलं तरी सेवेतून बाहेर पडलेला माणूस राहत्या जागेवरून मुंबई खंडपीठात अर्ज करू शकतो, हे त्याला सांगा. आणि सहा महिने उलटून गेले असतील, तर उशिराचं खरं कारण त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. आजारपण असेल तर आजारपण, लाज असेल तर लाज. उशीर माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणाला कायद्याने दिलेला आहे.