पावसातली प्रदक्षिणा

आमच्या शाळेची सहल दर वर्षी डिसेंबरात निघते. बस ठरते, वर्गणी जमते, डबे भरले जातात आणि रात्री पेंगुळलेली मुले आपापल्या घरी पोहोचतात. या सहलींविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्या गावात आपण राहतो त्याच्या भोवती एक फेरी, तीही पायी आणि ऐन पावसाळ्यात, शाळेने मुलांना घडविली पाहिजे, असे आमचे ठाम मत अलीकडे झाले आहे. ते कसे झाले हे सांगावयाचे तर प्रथम पेढ्याची ओळख करून देणे भाग आहे.

पेढा हा कुत्रा आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या शिकारी कुत्र्यांचे कौतुक आपल्या भागात सर्वांस ठाऊक आहे. 2005 साली टपाल खात्याने त्या जातीचे तिकीटही काढले. पेढ्याचे तिकीट कोणी काढणार नाही. तो शाळेच्या फाटकापाशी, मुलांच्या डब्यांतील उरल्यासुरल्या चपातीवर वाढला. रंगाने धारवाडी पेढ्यासारखा, म्हणून मुलांनी त्याला ते नाव ठेविले. गेल्या वर्षी आषाढातल्या एका रविवारी आम्ही छत्री घेऊन निघालो, तेव्हा हा न बोलाविता मागे आला, आणि थोड्याच वेळात पुढे झाला.

शेजाऱ्यांनी विचारले, "एल्ली होंटीरी?" आम्ही म्हणालो, कोठेच नाही, एक फेरी मारून घरीच यावयाचे आहे. त्यांनी आभाळाकडे पाहिले, कुत्र्याकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. काम नसताना पावसात बाहेर पडणारा मनुष्य अजून आपल्याकडे संशयास्पदच ठरतो.

आम्ही मूळचे किनाऱ्याकडील. घरची भाषा कोंकणी, शिक्षण मराठीत, पोट धारवाडात. आमच्या गावी पाऊस कोसळतो; त्या पावसात फिरावयास जाण्याची कल्पना कोणाच्या मनात येणार नाही. धारवाडला कारवारच्या सुमारे चतुर्थांश पाऊस पडतो, आणि तोही बेताबेताने. येथले लोक त्याला जिटीजिटी म्हणतात. हा पाऊस माणसाला घरात कोंडीत नाही. मनगटाला धरून बाहेर काढतो.

कलघटगीच्या रस्त्याने आम्ही सोमेश्वराच्या देवळाशी आलो. शाल्मला नदी येथे उगम पावते. नदी कसली, दगडांमधून वाहणारी पाण्याची बारीक धार! पेढ्याने ती एका उडीत ओलांडली. आम्ही मात्र तेथे बराच वेळ उभे राहिलो, कारण ही धार पुढे कोठे जाते याचा विचार प्रथमच मनात आला. ती नैर्ऋत्येस उतरते, बेडती होते, मागोडच्या कड्यावरून उडी घेते आणि गंगावळी या नावाने अंकोला व गोकर्ण यांच्या दरम्यान समुद्रास मिळते. गंगावळीच्या मुखाजवळच आमचे घर आहे! ज्या पाण्यात आम्ही पोहावयास शिकलो, ते आमच्या सध्याच्या बिऱ्हाडापासून तासाभराच्या वाटेवर जन्म घेते. अकरा वर्षे आम्ही मुलांकडून भारतातील नद्यांचे उगम आणि त्यांची मुखे घोकून घेत आहो. ही गोष्ट त्यांना सांगितली नाही, कारण आम्हांसच तिचे भान नव्हते. विद्यार्थ्यांच्या मासिकात हे कबूल करणे थोडे जड जाते.

पुढे नुग्गीकेरीच्या तळ्याला वळसा घालून, मारुतीचे दर्शन घेऊन, दुसऱ्या अंगाने गावाकडे परतण्याचा बेत होता. देवळाच्या ओट्यावर गिरमिटाची पुडी सोडली. नामदेवरायांनी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावावे. आमची योग्यता निम्मी पुडी देण्याइतकीच.

धारवाड ज्या उंचवट्यावर वसले आहे तो दोन समुद्रांच्या पाण्याची वाटणी करतो. पश्चिमेकडचे पाणी शाल्मलेतून अरबी समुद्रास जाते. पूर्वेकडचे तुप्परीहळ्ळ, बेण्णीहळ्ळ यांतून मलप्रभेस, तेथून कृष्णेस आणि अखेर बंगालच्या उपसागरास. पायांखालची मातीही बदलते. पश्चिमेची तांबडी माती वहाणेला लागते आणि सुटते. पूर्वेची काळी माती लागली की सुटत नाही, दर पावलागणिक वहाण जड होत जाते. उंचवट्यावर पेढ्याने अंग झाडले, तेव्हा त्यातला कोणता थेंब कोणत्या समुद्राचा, हा प्रश्न आम्हांस गमतीचा वाटला.

परंतु आमची प्रदक्षिणा त्या दिवशी पुरी झाली नाही. ज्या शेतवाटेने परतावयाचे, तिच्यावर आडवे तारेचे कुंपण आले होते. पलीकडे भूखंड पाडलेले, मधोमध एक फलक. पेढा तारेखालून सरपटत गेला आणि मागे वळून आमची वाट पाहत राहिला. अखेर त्यालाच परत यावे लागले. भर रहदारीच्या रस्त्याने, मालमोटारींनी उडविलेला चिखल अंगावर घेत, आम्ही घरी आलो.

वाटा अशाच नाहीशा होतात. महसुली गावनकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखविलेली असते. ती रेषा पाहणारे कोणी उरले नाही की कुंपण घालणाऱ्यास ती पुसलीच आहे असे वाटते. त्याला एकट्याला दोष देऊन काय उपयोग? इंग्लंडात 1932 साली मँचेस्टरनजीकच्या किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो कामकरी तरुण मनाई मोडून चालत गेले, त्यांतील काहींना तुरुंगवास झाला. पुढे 1949 च्या कायद्याने तेथे पायवाटांची नोंद करणे बंधनकारक झाले. आपल्याला तुरुंगात जावयाचे नाही. नववीच्या वर्गाने दर जुलैत नकाशा हाती घेऊन आपल्या गावाच्या वाटा चालून याव्यात, मोकळी कोणती आणि अडलेली कोणती हे लिहून ठेवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मुलांना पडसे होईल, असे एका पालकांनी कळविले. होईल, आणि बरेही होईल. सापांची भीती मात्र खरी आहे. तिच्यासाठी बंद बूट, हातात काठी आणि सोबत शेताची माहिती असलेला मनुष्य हवा. अभ्यासक्रम मागे पडेल या आक्षेपास आम्ही वर उत्तर दिलेच आहे.

यंदाच्या जुलैत चौदा मुले आली. आंब्याच्या एका बागेच्या राखणदाराने, झाडांना हात न लावण्याच्या अटीवर, आम्हांस बागेतून जाऊ दिले, आणि कुंपण टाळून फेरी पुरी झाली. त्याला आमच्यापेक्षा पेढा अधिक आवडला.

रात्री नेहमीप्रमाणे आईचा फोन आला. "पावस कसो आसा?" हा तिचा पहिला प्रश्न. आम्ही तिला सोमेश्वराची धार सांगितली. म्हणालो, आज येथे पडलेले पाणी तुमच्या खाडीत येणार आहे. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "बरें, उदक पावल्यार सांगतां."