मध्यरात्रीची घंटा

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटाला एक पत्र लिहिले. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. निदान छत्रांना तरी हात लावू नये, एवढेच त्यांचे मागणे होते. कुंभकोणम, तंजावर करत रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी मराठा राजांनी ही अन्नछत्रे चालवली होती. तिथे काय काय होते, ते राजांनी बारकाईने सांगितले आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्याला भात आणि शिजवलेले नको असेल त्याला शिधा. आजाऱ्याला औषध आणि सोसेल असे पथ्याचे जेवण. अडलेल्या बाईच्या बाळंतपणाचा खर्च आणि पुढे काही महिने मुक्काम. पोरक्या मुलांना तीन वेळचे अन्न आणि शिक्षण. मग मध्यरात्री घंटा वाजते आणि कोणी जेवायचे राहिले असेल तर यावे, अशी हाक दिली जाते.

मला या पत्रात ती घंटा सर्वांत मोलाची वाटते. पंगतीत किती पाने उठली, हे मोजणे सोपे असते. कोण राहिले, हे शोधायला वेगळी वेळ आणि वेगळी नजर लागते. भुकेच्या आपल्या बहुतेक पाहण्या पाने मोजून थांबतात.

अर्थात ती घंटा रस्त्यावर वाजत होती. जमीनदाराच्या शेतावर बांधला गेलेला मजूर तिथवर पोचणार कसा? कावेरीचा हा मुलूख म्हणजे तामिळनाडूचे भाताचे कोठार. त्याच मुलखात, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या किळवेण्मणी गावी, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलितांना झोपडीत कोंडून जाळले गेले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. वाद मजुरीत मिळणाऱ्या भाताच्या मापाचा होता. कोठार भरलेले असले म्हणजे ते भरणाऱ्याचे पोटही भरलेले असते, असे गृहीत धरणाऱ्या प्रत्येकाने हे गाव लक्षात ठेवावे.

भुकेचा हंगामही सगळीकडे एक नसतो. आपल्याकडे मेळघाटात किंवा धडगावात आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपते आणि कामही नसते. कुंभकोणमकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. सांबा भाताची लावणी उरकलेली असते आणि कापणी पोंगलच्या सुमारास येणार असते. मधल्या दिवसांत शेतमजुराचे हात रिकामे असतात. कापणीलाही आता यंत्रे येतात. जवळच्या तिरुभुवनमला रेशीम विणणाऱ्यांचे खड्डामाग याच दिवसांत ओल धरतात. अशा ठिकाणी फेब्रुवारीत पाहणी केली, तर अहवाल छान येईल आणि खोटा असेल.

प्रश्न कसा विचारतो, यावरही बरेच अवलंबून आहे. 'काल जेवलात का?' असे सासूसमोर विचारले की सून 'हो' म्हणते. भूक कबूल करणे म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणे. तिला एकटीला गाठावे. सगळ्यांत शेवटी कोण जेवले आणि तेव्हा भांड्यात काय उरले होते, हे विचारावे. मोजमापाचेही तसेच. मुलाचा दंडघेर घेताना पट्टी डाव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला असताना लावावी. पट्टी ढिली राहिली तर ११.४ सेंटिमीटरचा दंड ११.६ भरतो आणि ते मूल तीव्र कुपोषणाच्या यादीतून निसटते. ही चूक वहीत कधीच दिसत नाही.

तामिळनाडूने एक गोष्ट नि:संशय बरोबर केली. १९९७ पासून देशात रेशनसाठी गरीब कोण, बिगरगरीब कोण याची छाननी सुरू झाली, तेव्हा या राज्याने तांदूळ सर्वांसाठी खुला ठेवला. दार सर्वांना उघडे असेल, तर चुकून बाहेर राहणारे कमी होतात. आपल्याकडे अंगठ्याचा ठसा उमटला नाही म्हणून परतणाऱ्या म्हाताऱ्या पाहिल्या की हा फरक कळतो.

पण योजना चालू आहे, या रकान्यात 'होय' लिहून भागत नाही. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधल्या शाळेत माध्यान्ह भोजन शिजत असताना स्वयंपाकघरात आग लागली. शाकारलेल्या छपरातून ती वर्गांपर्यंत गेली आणि ९४ मुले गेली. जेवण कुठे शिजते, चुलीवर छप्पर कशाचे, मुलांना बाहेर पडायला वाट आहे का, हेही आहाराच्या पाहणीतच यायला हवे.

अंगणवाडीत, आश्रमशाळेत, वस्तीवर काम करणाऱ्या वाचकांकडे एक मागणे आहे. या महिन्यात हजेरीबरोबर न आलेल्यांचीही यादी करा. ऊसतोडीला गेलेले, वीटभट्टीवरचे, कार्ड नसलेले, अंथरुणाला खिळलेले, सगळे तीत घ्या. एका संध्याकाळी, चुली विझायच्या वेळेला, त्यातल्या पाच घरी जाऊन या आणि काय दिसले ते आम्हाला लिहून पाठवा.