पायदळाचं बंद दार

'लढायेत चेडवांचा काय काम?' शिरोड्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर एखादा निवृत्त फौजी असं विचारतो, तेव्हा ती निव्वळ हेटाळणी नसते. पाठीवर ओझं आणि हातात रायफल घेऊन चढ चढणं काय असतं, हे मराठा लाइट इन्फंट्रीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला आपल्याहून जास्त कळतं. त्याला घोषणा ऐकवून भागणार नाही, उत्तर द्यावं लागेल.

बायकांना पायदळ खुलं करा म्हणणारे आमच्या बाजूचे लोक मात्र लगेच ताराराणींना पुढे करतात. १७०० ते १७०७ त्यांनी औरंगजेबाला झुंजवलं हे खरंच. पण एका राणीच्या कर्तृत्वावरून पायदळाची भरती ठरत नसते. हा युक्तिवाद लंगडा आहे, तो सोडलेला बरा.

ताकदीचा मुद्दा खरा वजनाचा. अमेरिकेच्या मरीन कोअरनं २०१५ साली केलेल्या चाचणीत १३४ पैकी ९३ कामांत फक्त पुरुषांच्या तुकड्या मिश्र तुकड्यांपेक्षा सरस ठरल्या. हे लपवायचं कारण नाही. पण तुलना तुकड्यांची होती आणि भरती होते ती एकेका उमेदवाराची. सोळाशे मीटरच्या पहिल्याच धावेत धापा टाकत बाजूला बसणारे झील दर भरतीत दिसतात; म्हणून पुरुषांना पायदळ बंद करा, असं कुणी म्हणत नाही. अमेरिकेनंही त्याच वर्षाच्या डिसेंबरात लढाईतली सगळी पदं बायकांना खुली केली.

गावाकडचे जवान बाईचा हुकूम मानायला मनानं तयार नाहीत, असं केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात मांडलं होतं. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालानं ते फेटाळलं. (खटला कायमस्वरूपी कमिशनचा होता, लढाऊ शाखांचा नव्हे, हे खरं.) मला यात बायकांपेक्षा जवानांचाच अपमान जास्त दिसतो. नवरा पलटणीत नाहीतर मुंबईत, मनीऑर्डर येईल तेव्हा येईल. तोवर शेत, गुरं, सोसायटीचं कर्ज, भाऊबंदकीच्या तारखा सगळं कोकणातल्या बाईनं निभावलं. तिच्या धाकात वाढलेला झील मेजरबाईंपुढे सावधान उभा राहणार नाही?

शत्रूच्या हाती सापडली तर, हा प्रश्न भीषण आहे. पण २०१६ पासून आपल्या मुली लढाऊ विमानांच्या वैमानिक आहेत. शत्रूच्या मुलखात विमान पडलं तर कैदेचा धोका काय कमी? तो धोका देशानं पत्करला आहे, त्या मुलींनीही जाणूनबुजून पत्करला आहे.

२०२३ मध्ये तोफखाना खुला झाला, मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुली प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. तरी शिरोड्याची मुलगी आंबोली घाट चढून मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या केंद्रावर गेली, तर पायदळाची उमेदवार म्हणून तिला उभंच करत नाहीत. तिला सवलत नकोच. ओझं तेच, अंतर तेच, वेळ तीच. शंभरात चारच टिकल्या तर चार घ्या.

उरली बराकी आणि न्हाणीघरांची सबब. जहाजांवर बायकांची सोय नाही, असं नौदलाच्या खटल्यातही सांगून झालं होतं; मार्च २०२० मध्ये न्यायालयानं तेही मानलं नाही. पुढची चार वर्षं पुरी व्हायच्या आत, डिसेंबर २०२३ मध्ये, मालवणला नौदल दिन झाला, आणि त्याच सुमारास नौदल अधिकारी प्रेरणा देवस्थळी यांच्या हाती युद्धनौकेची सूत्रं आली.